लाकडी मनोरा : खाली कचेऱ्या, वर बिऱ्हाडे

सरलरेषा :

सर्वांना नमस्कार. मी बांधकाम अभियंता असून गेली काही वर्षे ओस्लोमध्ये इमारतींच्या सांगाड्यांची आकडेमोड करण्याचे काम करतो. ओस्लोच्या उत्तरेस, म्योसा या नॉर्वेतल्या सर्वांत मोठ्या सरोवराच्या काठी ब्रुमुन्दाल नावाचे एक लहान गाव आहे, आणि तेथे मार्च २०१९ पासून ८५.४ मीटर उंचीची, १८ मजल्यांची एक लाकडी इमारत उभी आहे. तिचे नाव म्योसटोर्ने, म्हणजे म्योसाचा मनोरा. गेल्या महिन्यात तेथे पुन्हा जाऊन आलो. त्यानंतर पुण्याच्या एका मित्राने 'अशी इमारत आपल्याकडे का होऊ नये?' असे विचारले. त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

इमारत मिश्र वापराची आहे. खालच्या मजल्यांवर उपाहारगृह आणि कार्यालये, त्यांच्यावर हॉटेल आणि त्याच्याही वर राहती घरे असा क्रम आहे. बाहेरचा सांगाडा ग्लूलॅमचा आहे, म्हणजे स्प्रूसच्या वाळवलेल्या फळ्या एकाच दिशेने एकावर एक चिकटवून केलेल्या खांबांचा, तुळयांचा आणि दर्शनी बाजूंनी वर चढत जाणाऱ्या तिरप्या दांड्यांचा. कोपऱ्यातले सर्वांत मोठे खांब १,४८५ गुणिले ६२५ मिलिमीटरचे आहेत. वाऱ्याचा आडवा जोर हे तिरपे दांडे घेतात. लिफ्टच्या आणि जिन्याच्या विहिरी सीएलटीच्या आहेत, म्हणजे फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेल्या जाड पाट्यांच्या. परंतु इमारतीचा आडवा ताठरपणा त्यांच्यावर सोपवलेला नाही.

आता मला ज्या गोष्टीचे सर्वांत मोल वाटते ती सांगतो. दुसऱ्या ते अकराव्या मजल्यापर्यंतची जमीन लाकडाच्या तयार पाट्यांची आहे, पण बाराव्या मजल्यापासून वर चक्क ३०० मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आहे. स्प्रूसच्या एका घनमीटरचे वजन साधारण ४५० किलो असते, तर काँक्रीटचे सुमारे २,४०० किलो. हलकेपणा हा लाकडाचा मोठा गुण असला तरी उंचावर तोच अडचणीचा ठरतो, कारण वारा जेवढ्या जोराने ढकलतो तेवढ्या जोराला हलकी इमारत अधिक झपाट्याने हेलकावते. या मनोऱ्याचा माथा वादळात जास्तीत जास्त १४० मिलिमीटर सरकेल असा हिशेब आहे. इमारत पडण्याची भीती त्यात नाही. प्रश्न आहे तो अंथरुणावर पडलेल्या माणसाला तो हेलकावा जाणवण्याचा. कार्यालयात चालणाऱ्या माणसाला जे कळतही नाही, ते रात्री झोपलेल्याला कळते. घरे वर आहेत, म्हणून वजनही वर दिले आहे, आणि त्याच जाड स्लॅबने दोन बिऱ्हाडांमधला आवाजही अडवला जातो. लाकडी इमारत म्हणवून घेण्यासाठी सगळे काही लाकडाचेच केले पाहिजे असा हट्ट येथे कोणी धरला नाही.

उंचीच्या शर्यतीत मला रस नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ८६.६ मीटरची, २५ मजल्यांची 'असेंट' ही इमारत पूर्ण झाली आणि जगातल्या सर्वांत उंच लाकडी इमारतीचा म्योसटोर्नेचा पहिला क्रमांक गेला. तिच्या लिफ्टच्या विहिरी आणि खालचे मजले काँक्रीटचे आहेत. मला विचारायचे आहे ते असे की, चार-पाच मजल्यांच्या, खाली दुकाने-कचेऱ्या आणि वर घरे असलेल्या आपल्याकडच्या साध्या इमारतीसाठी यातले काय घेता येईल आणि काय मुळीच घेऊ नये. पाऊस, वाळवी, आग, जंगल आणि कायदा या सर्व बाजूंनी येथील जाणकारांनी लिहावे.

उंबरठा :

लेख आवडला. मी या विषयातली नाही, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहे. शाळेपासून आपण 'झाडे वाचवा' ऐकत आलो. मग हजारो झाडे तोडून बांधलेली इमारत पर्यावरणाला धरून कशी काय?

सरलरेषा :

उंबरठा, प्रश्न प्राथमिक नाही, तो मूळ प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण अर्धा भाग कार्बनचा असतो. एका घनमीटर स्प्रूसमधले निखळ लाकूड ४२० किलो धरले तर त्यात २१० किलो कार्बन आला, आणि तेवढा कार्बन मिळवण्यासाठी झाडाने हवेतला सुमारे ७७० किलो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. याउलट एक घनमीटर साधे काँक्रीट तयार होताना ढोबळमानाने २५० ते ३५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला बहुतेक सिमेंटच्या भट्टीमुळे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून लाकडाचा जयजयकार करणारी जाहिरात मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती अपुरी आहे. लाकडात साठलेला कार्बन ही उसनवारी असते. इमारत पाडून ते लाकूड जाळले किंवा कुजू दिले तर तो सगळा हवेत परत जातो. म्हणूनच युरोपातल्या हिशेबाच्या पद्धतीत हा साठा आरंभी वजा म्हणून लिहितात आणि आयुष्याच्या शेवटी अधिक म्हणून पुन्हा लिहितात. त्यामुळे खरा लाभ दोनच ठिकाणी उरतो : सिमेंट आणि पोलाद किती कमी लागले, आणि लाकूड किती दशके वापरात राहिले. या दोन्हींच्या मागे तिसरी अट उभी असते, ती म्हणजे जेथून झाड तोडले तेथे जंगल परत वाढले पाहिजे. नॉर्वेत गेल्या शंभर वर्षांत उभ्या लाकडाचा साठा तिपटीहून अधिक झाला आहे आणि म्योसटोर्नेचे ग्लूलॅम ज्या कारखान्यात झाले तो मोएल्व गावी, इमारतीपासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. ब्रुमुन्दालमध्ये हा हिशेब जुळतो तो या दोन गोष्टींमुळे. त्या नसतील तेथे तो नव्याने मांडावा लागेल.

किंजळ :

सरलरेषा यांनी 'जंगल परत वाढले पाहिजे' असे एका वाक्यात लिहिले आहे. माझे काम सिंधुदुर्गातल्या झाडांशी असल्याने त्या वाक्यावर मला थांबावेसे वाटते.

साठा वाढणे आणि जंगल जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेतही एकाच वेळी अख्खा पट्टा तोडून तेथे एकाच वयाचे स्प्रूस लावण्याच्या पद्धतीवर तिथले जीवशास्त्रज्ञ टीका करतात, कारण घनमीटर वाढले तरी जुन्या, पोकळ, पडलेल्या झाडांवर जगणारी बुरशी, दगडफूल आणि कीटक परत येत नाहीत. आपल्याकडे परिस्थिती आणखी नाजूक आहे. कोकणातली बरीचशी रानं खासगी मालकीची आहेत. ऐन, किंजळ, नाना, जांभा अशी मिश्र झाडी असलेला डोंगर काही दिवसांत उघडा होतो, कोळशासाठी, जळणासाठी किंवा जागा मोकळी करून रबर-काजू लावण्यासाठी. महाराष्ट्रात झाडतोडीच्या नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे, तरी हे घडते. अशा ठिकाणी 'हरित इमारतींसाठी लाकूड' ही नवी मागणी आली, तर कुऱ्हाड प्रथम कोठे पडेल याची मला चिंता वाटते.

म्हणून माझी अट अशी की, बांधकामाचे लाकूड रानातून नव्हे, तर लावलेल्या शेतातून यावे. शेताच्या बांधावरचा सागवान, मिलिया दुबिया, नीलगिरी आणि चीक काढून संपलेले रबर ही झाडे त्यासाठी आहेत. बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत अशा लवकर वाढणाऱ्या झाडांच्या लाकडावर काम होत आले आहे. बांबूला तर २०१७ मध्ये वन कायद्यातून मोठी मोकळीक मिळाली आणि वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही. आमच्याकडचा माणगा भरीव, सरळ आणि जवळजवळ बिनकाट्याचा असतो, आणि तो शेतकऱ्याच्या बांधावर वाढतो. जंगल न तोडता वाढवता येणारा बांधकामाचा माल म्हणून मी त्याच्याकडे पाहते.

अग्निरेखा :

मी मुंबईत इमारतींच्या अग्निसुरक्षेचे सल्लाकाम करतो. लाकूड म्हटले की लोक प्रथम आगीबद्दल बोलतात आणि बहुतेक वेळा एक तर फार घाबरून किंवा फार निर्धास्त होऊन बोलतात, म्हणून काही आकडे देतो.

जाड लाकूड जळते ते ठरावीक वेगाने. स्प्रूससारख्या मऊ लाकडाचा कोळसा मिनिटाला ०.६५ ते ०.७ मिलिमीटर या गतीने आत सरकतो, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून आडोसा देतो. म्योसटोर्नेच्या मुख्य सांगाड्याला १२० मिनिटांची अट आहे. ०.७ ने १२० मिनिटांत ८४ मिलिमीटर कोळसा होतो. त्याच्या मागचा, तापून दुबळा झालेला ७ मिलिमीटरचा पट्टाही सोडून द्यायचा असतो, म्हणजे प्रत्येक बाजूने ९१ मिलिमीटर गेले असे धरायचे. कोपऱ्यातला ६२५ मिलिमीटरचा खांब चारही बाजूंनी जळाला तरी ४४३ मिलिमीटर उरतो आणि १,४८५ चे १,३०३ उरतात. मूळ क्षेत्रफळाच्या सुमारे ६२ टक्के लाकूड शाबूत राहते. आगीच्या वेळी इमारतीत वादळाचा पूर्ण जोर धरायचा नसतो, त्यामुळे तेवढ्यावर भार पेलतो. या प्रकल्पासाठी नॉर्वेत मोठे ग्लूलॅम खांब भट्टीत जाळून, मग आग काढून घेतल्यावर ते आपोआप विझतात का हेही पाहिले गेले होते.

पण हा हिशेब जाड लाकडाचा आहे. बारीक वाशांना, पातळ फळ्यांना आणि माळ्यावरच्या अडगळीला तो लागू नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ मध्ये आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि शेवटी उरला तो दगडी तट आणि जोती. तेथे पाण्याचे फवारे नव्हते, मजल्यामजल्यात आग अडवणारे पडदे नव्हते आणि पोकळ छतांमधून आग एका खणातून, म्हणजे दोन खांबांमधल्या भागातून, दुसऱ्या खणात जाऊ शकत होती. लाकडी इमारतीचा खरा शत्रू ही पोकळी आहे. सीएलटीबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते : काही गोंद तापून ढिले पडतात, जळालेला थर गळून पडतो आणि आतले कोरे लाकूड पुन्हा आगीसमोर येते. उष्णता सहन करणारा गोंद आहे ना, हे खरेदीच्या कागदावर लिहून घ्यावे.

अमेरिकेच्या २०२१ च्या नमुना बांधकाम संहितेतली पायरी मला शहाणपणाची वाटते. लाकूड पूर्णपणे अग्निरोधक पाट्यांनी झाकले तर १८ मजले, थोडे उघडे ठेवले तर १२ आणि बरेचसे उघडे ठेवले तर ९, आणि तिन्हींत पाण्याचे स्वयंचलित फवारे सक्तीचे. इंग्लंडने तर २०१८ मध्ये, लंडनमधल्या ग्रेनफेल मनोऱ्याच्या आगीनंतर, १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील साहित्यच बंद केले. मिश्र वापरात माझा आग्रह असतो की कचेऱ्यांचा जिना आणि घरांचा जिना वेगळा असावा. रात्री दोन वाजता खालच्या रिकाम्या कचेरीत तारा जळू लागल्या, तर वरच्या माणसांना त्याच धुरातून उतरावे लागू नये.

हिशेबनीस :

येथे सर्वांनी फार उपयुक्त लिहिले आहे. मी नाशिकचा. लहान विकसक आहे. आमच्या कुटुंबाच्याच जागेवर तळमजला अधिक तीन अशी इमारत करायची आहे, खाली दोन मजले कचेऱ्या आणि वर दोन मजले भावाभावांची घरे. उंची १५ मीटरच्या आत राहील. कायद्याने लाकडाचा सांगाडा चालतो का, आणि परदेशातून लाकूड आणून काही अर्थ आहे का, एवढे दोन प्रश्न आहेत.

सरलरेषा :

हिशेबनीस, तुम्ही उंची विचारपूर्वक धरलेली दिसते, कारण राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटरपासून उंच इमारतींचे कडक नियम सुरू होतात. लाकूड भारतात निषिद्ध नाही. लाकडी सांगाड्याच्या आकडेमोडीसाठी भारतीय मानक ८८३ आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१६ ची, आणि संहितेत लाकूड व बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून आपल्या कामांत लाकडावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. तरीही तुमच्या पालिकेतला अधिकारी असा नकाशा कदाचित प्रथमच पाहील, म्हणून मंजुरीच्या आधीच अग्निशमन विभागाशी बसून बोलावे असे मी सुचवीन.

आयातीबद्दल. उत्तर युरोपातून सुएझमार्गे मुंबई सुमारे १२,००० किलोमीटर पडते. मोठ्या मालवाहू जहाजाचा खर्च टन-किलोमीटरमागे १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर घनमीटरमागे साधारण ५० ते १०० किलो होतात. म्हणजे समुद्रप्रवास हा लाकडाच्या विरुद्धचा निर्णायक मुद्दा ठरत नाही. निर्णायक मुद्दा वेगळा आहे. स्प्रूस वाळवीसमोर टिकत नाही, आणि त्याच्या गाभ्यात संरक्षक औषध खोल मुरतही नाही. थंड देशात चांगले चालणारे लाकूड आपल्या हवेत तसेच चालेल असे गृहीत धरणे मोठी चूक होईल.

कडीपाट :

मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करते. वरची चर्चा वाचताना सतत वाटत होते की खाली व्यवहार आणि वर बिऱ्हाड ही लाकडी इमारत आपण शतकानुशतके वापरत आलो. पेठांतल्या रस्त्यालगतच्या वाड्यांना खाली दुकान किंवा पेढी आणि वर राहणे असे. विश्रामबागवाडा तर राहण्यासाठी बांधला गेला आणि पुढे त्यात संस्कृत पाठशाळा आणि नगरपालिकेच्या कचेऱ्याही नांदल्या. खण हे माप ठरलेले असल्यामुळे एकच सांगाडा दोन्ही वापरांना पुरत असे.

हे मी जुन्याच्या प्रेमाने सांगत नाही, तर दुरुस्तीसाठी सांगाडा उघडल्यावर जे दिसते ते सांगते. खांबाचा मधला भाग दोनशे वर्षांनीही ठणठणीत असतो. सडलेली असतात ती तीन ठिकाणे : तळखड्यावर टेकलेले खांबाचे पाऊल, भिंतीत गाडलेले तुळईचे टोक आणि मोरीच्या खालचा कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्या. तळखडा हा दगड जमिनीची ओल लाकडापर्यंत चढू नये म्हणून असतो. जेथे नंतर कोणी फरशी उंच करून तळखडा पुरून टाकला, तेथे वाळवी आणि ओल दोन्ही खांबात शिरली. तुळईचे टोक भिंतीत हवेशीर ठेवले होते तेथे ते टिकले, सिमेंटने लिंपले तेथे भुसा झाला. लाकूड पाण्याने मरत नाही. पाणी आत शिरून बाहेर पडू शकले नाही की मरते. नॉर्वेतल्या जुन्या लाकडी चर्चचे खांबही दगडावर उचललेल्या आडव्या तुळयांवर उभे असतात असे वाचले आहे. खरे आहे का?

आणि सरलरेषा यांनी 'किती दशके वापरात राहिले' असे लिहिले, त्याबद्दल. वाडा पाडला जातो तेव्हा मला वाईट वाटते, पण एक गोष्ट पाहण्यासारखी असते. प्रत्येक तुळईला, प्रत्येक खांबाला गिऱ्हाईक असते. जुने सागवान चिरून त्याच्या चौकटी, दारे, टेबले होतात. शेजारी काँक्रीटची इमारत पाडतात तिचा राडारोडा ट्रकमध्ये भरून शहराबाहेर टाकला जातो. हे शक्य होते कारण वाड्याचे सांधे कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) आणि खुंटीचे असतात, ते ठोकून सोडवता येतात.

सरलरेषा :

कडीपाट, होय, खरे आहे. बोर्गुन्दचे चर्च बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे आणि त्याचे खांब दगडांवर ठेवलेल्या तुळयांवर उभे आहेत. त्याआधीच्या काळात खांब सरळ जमिनीत पुरत, ती चर्च उरली नाहीत. तुमच्या तळखड्याचे आणि त्यांच्या दगडाचे कारण एकच आहे.

सांध्यांचा विषय तुम्ही काढला, तर एक कटू उदाहरणही येथे यायला हवे. ब्रुमुन्दालपासून उत्तरेला, गुडब्रान्सदाल खोऱ्यात ट्रेटेन येथे २०१२ मध्ये ग्लूलॅम आणि पोलादाचा पूल बांधला होता. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी तो कोसळला. त्या वेळी त्यावर एक मोटार आणि एक ट्रक होता. दोन्ही चालक वाचले. चौकशीत दिसून आले की लाकूड कुजले नव्हते. एका तिरप्या दांड्याच्या सांध्यात पोलादी खिळ्यांच्या रांगेभोवतीचा लाकडाचा तुकडाच्या तुकडा कातरून निघाला होता. त्याआधी २०१६ मध्ये त्याच खोऱ्यात पेर्कोलोचा लाकडी पूल पडला, तोही सांध्यातल्या चुकीमुळे. आमच्या कचेरीत ट्रेटेनच्या त्या दिवसानंतर कितीतरी जुन्या आकडेमोडी पुन्हा काढून तपासल्या गेल्या. लाकडात खांब आणि तुळई यांचा हिशेब सोपा असतो. सगळे कसब, सगळा खर्च आणि सगळा धोका सांध्यात एकवटलेला असतो. म्योसटोर्नेतही पोलादी पट्ट्या लाकडात चिरा पाडून आत खोल बसवल्या आहेत आणि त्यांतून खिळ्या आरपार गेल्या आहेत, जेणेकरून आगीतही पोलाद लाकडाच्या आड राहावे. आपल्याकडे हे करायचे तर कारागीर आणि तपासनीस दोघेही तयार करावे लागतील.

भूकंपाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे. नॉर्वेत त्याचा विचार जेमतेम करावा लागतो, महाराष्ट्रात कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) विसरून चालणार नाही. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे हलके लाकूड येथे उपकारक आहे. किल्लारीला माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. आतले लाकडी खण अनेक घरांत उभे राहिले होते. मात्र सांधा ताणला गेल्यावर तुटण्याऐवजी वाकला पाहिजे, आणि तो तसा मुद्दाम घडवावा लागतो.

उंबरठा :

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके विस्ताराने मिळेल असे वाटले नव्हते. आणखी एक विचारते. आम्ही घरात फरशी पाण्याने धुतो. लाकडी जमिनीच्या घरात ते कसे चालेल?

कडीपाट :

हाच प्रश्न मी वाड्याच्या प्रत्येक मालकाला विचारते. वाड्यात मोरी घराच्या कडेला असे, बहुधा बाहेरच्या भिंतीशी, आणि तिचे पाणी सरळ खाली जाई. आता प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर हवे असते, तेही मजल्याच्या मध्यावर. काँक्रीटमध्ये गळती झाली तर खालच्या छतावर डाग दिसतो आणि भांडण होते. लाकडात डाग दिसेपर्यंत आतले कितीतरी कुजून गेलेले असते.

किंजळ :

यात पावसाळ्याची हवाही जोडा. कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर आठवडेच्या आठवडे राहते, तेव्हा आडोशातले कोरडे लाकूडही १७ ते २० टक्के ओल धरते. २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशीला वाट मिळते. म्हणजे पावसाळ्यात आपण त्या रेषेच्या अगदी काठावर असतो, आणि न्हाणीघरातली एक बारीक गळती ती रेषा ओलांडायला पुरते. नाशिकची हवा त्या मानाने कोरडी आहे.

हिशेबनीस :

तुम्हा सर्वांच्या लिहिण्यावरून माझा आराखडा बदलतो आहे. खालचे दोन कचेऱ्यांचे मजले काँक्रीटचे ठेवावेत, म्हणजे मोठी मोकळी दालने मिळतील, वाळवीपासून लाकूड उंच राहील आणि जड भारही खालीच राहील. वरचे दोन घरांचे मजले सागवानाच्या किंवा संस्कार केलेल्या लाकडाच्या ग्लूलॅमचे करावेत. वरचा भाग कारखान्यात कापून आणला तर जागेवरचे काम किती लवकर उरकेल?

सरलरेषा :

तुमच्या आराखड्याला माझी संमती आहे. अशी जोडणी जगात अनेक ठिकाणी केलेली आहे. वेळेबद्दल एक उदाहरण देतो : कॅनडात व्हँकूव्हरच्या विद्यापीठातल्या १८ मजली विद्यार्थी वसतिगृहाचा लाकडी सांगाडा, कारखान्यातून भाग आल्यावर, ७० पेक्षा कमी दिवसांत उभा राहिला. मात्र तेथे जागेवर एकही भोक नव्याने पाडायचे नाही अशा तयारीने आधी कित्येक महिने नकाशे केले होते. आपल्याकडे स्लॅब पडल्यावर प्लंबर येतो आणि छिन्नी घेऊन वाट काढतो. लाकडात ती सवय पूर्ण सोडावी लागेल. आणि उभारणी नाशिकच्या पावसाळ्यात मुळीच येता कामा नये. दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत छप्पर पूर्ण झालेले असावे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. भारतीय मानकाप्रमाणे घराच्या जमिनीवर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजनाइतका) भार धरतात आणि कचेरीला २.५ ते ४. उद्या एखाद्या भावाला आपल्या मजल्यावर कार्यालय थाटावेसे वाटले तर? आजच वरच्या तुळया कचेरीच्या भाराला धरून काढल्या तर लाकूड थोडेसेच जास्त लागेल. इमारतीचा वापर बदलू शकला तरच ती पाडली जाणार नाही, आणि लाकूड वापरात राहील.

अग्निरेखा :

आणि जिने दोन. ते विसरू नका.

हिशेबनीस :

दोन जिने धरले आहेत. वास्तुविशारदांना उद्या भेटतो आहे. सुरुवात सांगाड्याच्या नकाशापासून करायला सांगू का?

कडीपाट :

नाही. पहिला नकाशा पाण्याचा काढायला सांगा. वरच्या सगळ्या बिऱ्हाडांची न्हाणीघरे आणि स्वयंपाकघराच्या मोऱ्या एकाखाली एक, बाहेरच्या भिंतीला लागून, काँक्रीटच्या एकाच उभ्या पट्ट्यात येतात का ते पाहा, आणि त्या पट्ट्याला बाहेरून माणूस शिरून नळ तपासू शकेल एवढी जागा ठेवा. तो पट्टा बसला की त्याच्या बाजूने खण मोजायला घ्या.